पाटाची जागा

चित्रात चूक निघाली की तात्यासो मगदुमांना बरं वाटायचं.

मधुवंतीच्या क्लासला असा विद्यार्थी दुसरा नव्हता. राजारामपुरीतल्या तिच्या माडीवर दर रविवारी दहा-बारा जण जमायचे. ग्रेड परीक्षेला बसणारी मुलं, बँकेतल्या दोन बायका, एक दातांचा डॉक्टर. चूक दाखवली की मुलं गाल फुगवायची, बायका घरच्या अडचणी सांगायच्या आणि डॉक्टर आपलंच कसं बरोबर आहे ते पटवत बसायचा. अडुसष्ट वर्षांचे तात्यासो मात्र हात मागं बांधून नीट ऐकून घ्यायचे.

"म्हंजे अजून झालं न्हाय म्हणायचं," ते शेवटी विचारायचे.

"नाही काका. अजून बरंच काम आहे."

"असू दे, असू दे. काय गडबड न्हाय."

मग कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळायचा, स्कूटरवर पुढं पायापाशी उभा करायचा आणि हलक्या मनानं उचगावचा रस्ता धरायचा.

गडबड होती. ती घरी होती आणि तिचं नाव प्रभावती होतं.

प्रभावती म्हणजे तात्यासोंची बायको. बेचाळीस वर्षांचा संसार. गेल्या भाद्रपदात जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा उपवास करून, अकराव्या दिवशी मुगाचं पाणी पिऊन झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, की तिला दीक्षा घ्यायची आहे. घर सोडायचं, पांढरी साडी नेसायची, दिवसातून एकदा जेवायचं आणि माताजींच्या, म्हणजे साध्वींच्या, संघाबरोबर अनवाणी गावोगाव चालायचं. सांगताना आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. दळण टाकून येते म्हणावं तसं सांगितलं. माताजींची अट एकच होती, घरच्यांची संमती हवी. बंगळुरातला मुलगा पारस फोनवर आधी रडला, मग हो म्हणाला. सून हो म्हणाली. राहिले तात्यासो.

तात्यासो त्या वेळी ईझलसमोर बसले होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याचं चित्र नुकतंच धरलं होतं. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

"हे चित्र पुरं हुंदे," ते म्हणाले, "मग सांगतो."

"बरं," ती म्हणाली.

झालं. दिलेला शब्द मोडायची त्या घरात दोघांनाही सवय नव्हती, त्यामुळं चित्र पुरं होत नाही तोवर प्रभावती जाणार नव्हती. हे तिला कळलं होतं, त्यांनाही कळलं होतं आणि एकमेकांना सांगायला दोघंही तयार नव्हते. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसे तात्यासो दर रविवारी राजारामपुरीला जायचे आणि एखादी चूक पदरात पाडून घेऊन परत यायचे.

चुकांना तोटा नव्हता हे मान्य केलं पाहिजे. माणसानं छत्तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर म्हणून काढलेली. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तोच पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, मग पॅटर्न अलगद वर काढून घ्यायचा. खाली जी पोकळी राहते तिच्यात लोखंड ओततात. तात्यासोंच्या हातचा पॅटर्न कधी परत आला नव्हता. असा माणूस निवृत्त झाल्यावर गप्प बसेल कसा? दोन वर्षं त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं, खुर्च्या, देव्हारे दुरुस्त केले. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पारसनं रंगांची पेटी पाठवली.

रंगाशी त्यांची ओळख जुनीच होती, पण ती तिघांशीच. पॅटर्नवर जिथं पुढं मशीन चालायचं तिथं लाल, बाकी काळा, मधे कुठं पिवळा. चौथ्या रंगाला कारखान्यात कामच नव्हतं. पहिल्या दिवशी तात्यासोंनी काढलेली तांब्याची घागर बघून मधुवंतीनं विचारलं, "काका, हा आगीचा बंब आहे का?"

मधुवंती तिशीची, तोंडाची फटकळ पण हाताची पक्की. तिचं म्हणणं, उगाच डोंगर आणि सूर्य काढू नका, घरातला एक कोपरा घ्या आणि तोच नीट जमेपर्यंत काढा. तात्यासोंनी स्वयंपाकघराचा पूर्वेचा कोपरा घेतला. खिडकी, खिडकीखालचा कट्टा, बाजूचं भिंतीतलं कपाट, भांड्यांची फळी आणि खाली शहाबादी फरशीवर प्रभावतीचा पाट. पाट सागवानी होता. लग्न झालं त्या वर्षी एका मोठ्या पॅटर्नमधून उरलेल्या फळीचा तात्यासोंनीच केलेला. भाजी चिरायला, पोथी वाचायला, जेवायला ती त्याच्यावरच बसायची.

मांडलेली वस्तू हलू नये म्हणून तात्यासोंनी प्रत्येकीभोवती खडूनं रेघ मारून ठेवली. कारखान्यातली सवय. कट्ट्यावर, फळीवर, फरशीवर पांढऱ्या रेघाच रेघा.

"घर हाय का खो-खोचं मैदान?" प्रभावती म्हणाली. पण तिनं एक रेघ पुसली नाही.

पहिली चूक रचनेची निघाली.

"किती वस्तू आहेत या?" मधुवंतीनं विचारलं.

"सतरा."

"भांड्यांचं दुकान मांडलंय. बघणाऱ्यानं बघायचं कुठं? निम्म्या काढा."

"काढायच्या कशा? सगळ्या घरातल्याच हाईत की."

"घरातून काढू नका, काका. चित्रातून काढा. आणि हा पाट अगदी वाटेत बसलाय. नजर खिडकीकडं जायला निघते आणि पाटाला ठेचकाळते. तो आधी काढा."

"पाट न्हाय निघायचा," तात्यासो म्हणाले. बाकीच्या बाबतीत बघू म्हणाले.

बघायची वेळच आली नाही. बुधवारी सकाळी ते स्टुलावर येऊन बसतात तर फळीवरच्या खडूच्या गोलात घागर नाही.

"घागर कुठं गेली?"

"धोंडुबाईला दिली," प्रभावती म्हणाली. धोंडुबाई कपडे धुवायला येणारी. "तिच्या लेकीचं लगीन ठरलंय."

"मी काढालतो की ती!"

"मला काय ठावं? कवाधरनं काढालाय, मला वाटलं झाली आसंल."

पुढच्या आठवड्यात पितळी डबे गेले, मग पाटा-वरवंटा, मग लग्नात आलेला समईचा जोड बस्तीत गेला. जैनांच्या देवळाला तिकडं बस्ती म्हणतात. तिथं तर काय, दिलेलं परत मागायची सोयच नाही. एकेक वस्तू जायची आणि मागं खडूचा रिकामा गोल उरायचा. प्रभावती हे आताच करायला लागली होती असंही नाही. तात्यासोंनी आठवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, की दहा वर्षांपूर्वी तिनं सोनं सुनेला दिलं होतं. मग रंगीत लुगडी गेली. मग गादी गेली, चटई आली. मग मीठ एक दिवसाआड, मग एक वेळचं जेवण. एकदम काहीच नाही. इतकं सावकाश, की घरातल्या माणसाला वाटावं, वय झालं.

सगळ्यात वाईट म्हणजे चित्र सुधारलं. पाच वस्तू राहिल्या. कट्ट्यावर पाणी गाळायचं फडकं बांधलेला तांब्या, एक मिठाची बरणी, फळीवर दोन भांडी आणि खाली पाट.

"वा," मधुवंती म्हणाली. "आता जागेला जागा आली. कुणी लावलं?"

"मीच," तात्यासो म्हणाले. आयुष्यात थापा थोड्या मारल्या होत्या, त्यामुळं ही मारताना कान तापले.

दुसरी चूक शेडिंगची. तात्यासोंनी तांब्याला चारी बाजूंनी सारखं उजळलं होतं, कुणावर अन्याय नको म्हणून. मधुवंती म्हणाली, "काका, उजेड कुठून येतो?"

"खिडकीतनं."

"एकाच खिडकीतून ना? मग तांब्याची ही बाजू का चमकते? तिला कुणी टॉर्च धरलाय? घरी जा, आठ दिवस नुसतं बसा. ब्रशला हात लावू नका. उजेड कुठं पडतो आणि कुठं पडत नाही, एवढंच बघा."

आठ दिवसांची फुकटची मुदत मिळाली म्हणून तात्यासो खूश होऊन घरी आले आणि सकाळी सातपासून स्टुलावर बसले. आणि बसल्यावर त्यांना कळलं, की ही खोली सकाळी कशी दिसते ते त्यांना माहीतच नाही. छत्तीस वर्षं साडेसहाला कारखान्याची बस. सुट्टीच्या दिवशी गावाकडं शेतावर. निवृत्तीनंतर सकाळ बाहेरच्या पडवीत, पेपर घेऊन. आठच्या सुमारास ऊन खिडकीच्या गजांतून कट्ट्यावर उतरायचं, तांब्याच्या डाव्या गालाला लागायचं, तिथून फरशीवर सांडायचं आणि पाटाच्या कडेशी येऊन थांबायचं. तांब्याची उजवी बाजू काळी नव्हती. फरशीवरून परत आलेल्या उजेडानं ती मंद तांबूस होती. सावली काळ्या रंगानं होत नाही, हे त्यांना त्या आठवड्यात समजलं.

आणि त्याच उजेडात प्रभावती वावरायची. पाणी गाळायची, फडकं उलटं करून त्यावरचे जीव जपून पाण्यात सोडायची, मग भिंतीशी बसून पोथी उघडायची. ओठ हलायचे, आवाज नाही. एवढी वर्षं रोज सकाळी ही बाई इथं अशी बसत होती आणि आपण बस पकडत होतो, याचं तात्यासोंना फार वाईट वाटलं. कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ते वहीत आकडे मांडतात तसं मांडलं. आठ वाजून पाच मिनिटं, तांब्या. आठ दहा, बरणी. आठ वीस, पाट.

तिसरी चूक पर्स्पेक्टिव्हची आणि तिथं मात्र जुंपली.

"फळीच्या वरच्या आणि खालच्या रेघा समांतर काढल्यात तुम्ही," मधुवंती म्हणाली. "लांब जाताना त्या एकमेकींजवळ यायला हव्यात."

"फळी समांतरच हाय. मी सोता मारलिया, लेव्हल लावून."

"आहे समांतर. पण दिसते का?"

"दिसतंय त्ये खोटं हाय मग."

"चित्र दिसण्याचंच असतं, काका."

तिनं कॅनव्हासमागच्या भिंतीत खिळा ठोकला, त्याला चार दोरे बांधले आणि फळीच्या, कट्ट्याच्या, फरशीच्या रेघांवर ताणून दाखवले. खिळा, दोरा, ताण. ही भाषा तात्यासोंना कळली. कुठं बसून बघतोय त्यावर खिळा कुठं मारायचा ते ठरतं, हेही कळलं. माणूस उठला की सगळ्या रेघा बदलतात.

"आणि हे काय?" मधुवंतीनं पट्टी उभी धरली. "कपाट वर रुंद आणि खाली निमुळतं. तांब्याही तसाच. पाटाचे पाय तसेच. सगळं अंगावर कोसळतंय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं कपाटच वाकडं."

"ते टेपर हाय," तात्यासो म्हणाले.

"टेपर कशाला?"

"उभ्या बाजूला जराशी उतरण द्यावीच लागतिया, मॅडम. न्हायतर पॅटर्न वाळूतनं निघायचा कसा? सरळ उभा असला तर निघताना वाळूला घासतो आन् साचा फुटतो. टेपर असला की आधी हलक्या हातानं ठोकायचा, चारी बाजूनं सुटा करायचा, मग वर उचलला की लोण्यातनं केस निघावा तसा निघतोय. वाळूचा कण हलत न्हाय."

मुलं फिदीफिदी हसली. माणसानं छत्तीस वर्षं प्रत्येक वस्तूला उतरण दिली होती आणि हात आता सरळ रेघ मारायलाच तयार नव्हता. मधुवंती हसली नाही.

"पण हे कपाट कुठं बाहेर काढायचंय, काका? ते तिथंच राहणार आहे."

"व्हय," तात्यासो म्हणाले. "कपाट ऱ्हाणार हाय."

मार्गशीर्ष गेला, पौष लागला. तात्यासो जन्माचे कारागीर. शिकायचं नाही म्हटलं तरी शिकले. फळी मागं गेली, कपाट सरळ उभं राहिलं, तांब्याला गोलाई आली. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मधुवंती चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "झालंच की हो, काका. तो पाट सोडला तर."

त्या दिवशी स्कूटर उचगावला पोचली ती ताशी विसाच्या पुढं न जाता. घरी पोचल्यावर त्यांनी कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि प्रभावतीला सांगितलं, की उजेड बदललाय. ते खोटं नव्हतं. भाद्रपदापासून सूर्य बराच सरकला होता, कवडसा हातभर इकडं आला होता. त्यांनी सगळ्या सावल्या खरवडून परत रंगवल्या. पुढच्या रविवारी तांब्याचं तोंड वाकडं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी फळीच्या रेघा परत समांतर झाल्या आणि मग कपाटाला टेपर आला. मधुवंती चूक दाखवायची, तात्यासो मान डोलवायचे. पण आता बरं वाटत नव्हतं. हात खोटं काम करतोय हे हाताला कळत होतं.

माघातल्या एका सकाळी मधुवंती न सांगता घरी आली. तुमचा तो कोपरा एकदा डोळ्यांनी बघते, म्हणाली. प्रभावतीनं तिला गूळ-शेंगा आणि गाळलेलं पाणी दिलं. मधुवंतीनं दारात उभं राहून खिडकी बघितली, कट्टा बघितला, खडूचे रिकामे गोल बघितले.

"काकू, तुमचं स्वयंपाकघर मला पाठ झालंय," ती म्हणाली.

"अजून किती दीस लागतील ह्याला?" प्रभावतीनं चित्राकडं बोट करून विचारलं. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच तोंडातून काढला होता, आणि तोही नवऱ्याला नाही.

"किती दिवस कशाला? चित्र संक्रांतीलाच झालं होतं. आता काका मुद्दाम बिघडवतात." मधुवंती हसत सांगत होती. "चुकून झालेली चूक वेडीवाकडी असते, काकू. यांच्या चुका इतक्या मापात असतात, की येत असल्याशिवाय तशी चूक करताच येत नाही."

कुणी हसलं नाही. मधुवंतीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. आपण कशाला तरी हात लावला एवढं तिला कळलं. पाणी संपवून, येते म्हणून ती निघून गेली.

तात्यासो स्टुलावर बसून राहिले. प्रभावतीनं पेला विसळला, जागेवर पालथा घातला.

"कारखान्यातनं तुमच्या हातनं खोटा पॅटर्न गेलता का ओ कवा?"

"न्हाय."

"एकबी?"

"एकबी न्हाय."

एवढंच. ती पोथी घेऊन बसली. दुपारभर घरात भांड्याचा आवाज झाला नाही. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत तिनं त्यांचं ताट वाढलं. तिचं स्वतःचं जेवण सकाळीच झालं होतं. तात्यासोंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"जायाचं हाय तर जा की," ते म्हणाले. "कोण धरलंय तुला? दार काय मी लावून घेतोय व्हय?"

"तसं निघायचं असतं तर भाद्रपदातच गेलो असतो मी," प्रभावती म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलतात, तशी. "ओढून काढलं की वाळू फुटतिया. तुम्हीच सांगत हुता की जन्मभर."

तात्यासोंनी तुकडा ताटात ठेवला.

"मला भ्या वाटतंय," ते म्हणाले. "सकाळी उठून ह्या खोलीत यायचं आन् तू नसायचीस."

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. "अनवाणी चालायचं, पाय दुखत्यात माझं. पण जायाचं हाय."

ती भिंतीशी, मांडी घालून, उघड्या फरशीवर बसली होती. पाट दोन हातांवर खडूच्या चौकोनात रिकामा होता. तात्यासोंनी तो तिच्याकडं सरकवायला हात पुढं केला.

"घे की. गार लागंल."

"नको. आसन सोडलंय मी. पाच म्हयनं झालं."

"पाच म्हयनं?"

"भाद्रपदाधरनं."

"मग ह्यो हितं कशाला?"

"तुमच्या चित्रात हाय न्हवं. रोज फरशी झाडली की परत रेघंवर मांडतो. तुमची खूण हलाय नको."

तात्यासोंनी आठवून बघितलं. सकाळी उन्हात ती भिंतीशी बसलेली, पोथी, हलणारे ओठ. त्यांनी तांब्याचा गाल बघितला होता, बरणीची सावली बघितली होती, मिनिटामिनिटानं मांडून ठेवली होती. पाट रिकामा आहे एवढं मात्र बघितलं नव्हतं. पाच महिने ते बायकोचा पाट रंगवत होते आणि बायको त्यांच्यासाठी पाट मांडत होती.

ते जेवले. ताटात काही टाकलं नाही, तशी पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सातला ते स्टुलावर होते. आधी कपाटाचा टेपर काढला. मग फळीच्या रेघा खिळ्याकडं नेल्या. मग खाली वाकून खरा पाट उचलला. उचलायच्या आधी, का कोण जाणे, त्यांनी बोटांच्या मागच्या बाजूनं त्याला दोनदा हलकंच ठोकलं. पाट बाहेर पडवीत नेऊन ठेवला आणि येऊन फरशीकडं बघत बसले. आठ वीसला ऊन आलं. पाटाच्या कडेशी थांबायचं ते आज थांबलं नाही. सरळ पुढं सरकत त्यांच्या पायांपर्यंत आलं.

शहाबादी फरशीचा रंग मिसळायला त्यांना अर्धा तास लागला. निळा, तपकिरी, थोडा पांढरा आणि उन्हासाठी कणभर पिवळा. चित्रातल्या पाटावर त्यांनी फरशी रंगवली. एक पाय झाकला, दुसरा झाकला. पाटाच्या फळीवर यायला जरा वेळ लागला, कारण तेवढ्यात डोळे भरून आले आणि चष्मा पुसावा लागला. मग तीही झाकली.

प्रभावती पाणी गाळत होती. त्यांनी तिला हाक मारली.

तिनं हात पुसले आणि चित्रापुढं उभी राहिली. ती ठेंगणी, स्टुलाशेजारी उभी राहिली की बसलेल्या तात्यासोंच्या बरोबरीला यायची. दोघांचे डोळे एका पातळीत होते.

"पाट न्हाय ह्यात," ती म्हणाली.

"न्हाय."

"आता काय ऱ्हायलंय?"

"काय न्हाय. झालं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं वाकून दोन्ही हात जोडले, चित्राला नव्हे, नवऱ्याला. बेचाळीस वर्षांत जे काही दुखावलं असेल त्याची क्षमा असावी, असं रीतीप्रमाणं म्हणाली. तात्यासोंनी रीतीप्रमाणं हात जोडले, पण शब्द आठवले नाहीत. त्यांनी फोन घेतला आणि पारसला सांगितलं, "आईला कवा सोडायला जायाचं, तेवढं माताजींच्याकडं इचारून घे. माझं हो हाय म्हणून सांग."

तारीख फाल्गुनातली निघाली.

त्याच्या आदल्या रविवारी तात्यासो चादरीत गुंडाळलेला कॅनव्हास घेऊन राजारामपुरीची माडी चढले. घरी पारस आणि सून आलेले, पाहुण्यांची ये-जा, मांडवाच्या गोष्टी चाललेल्या. कुणाला वाटलं नव्हतं ते क्लासला जातील. मधुवंतीला आता सगळं कळलं होतं, कोल्हापुरात असल्या गोष्टी लपत नाहीत. तिनं चित्र खिडकीजवळच्या ईझलवर लावलं आणि मागं सरून उभी राहिली. मुलं आली, डॉक्टर आला, बँकेतल्या बायका आल्या.

नजर आत शिरायची ती फरशीवरच्या उन्हावरून थेट कट्ट्यापर्यंत, तांब्यापर्यंत, खिडकीपर्यंत जायची. कुठं अडत नव्हती.

मधुवंतीनं पट्टी घेतली नाही. खिळा-दोरा काढला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तात्यासो हात मागं बांधून उभे होते.

"झालं, काका," ती म्हणाली. "एकही चूक नाही."

तात्यासो जागचे हलले नाहीत.

"नीट बघा की, मॅडम," ते म्हणाले. "एकांदी आसंल."